सुभेदारकाकांची जागल

माझ्याच दुकानात बसून माझीच गिऱ्हाइकं परत पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सुभेदारकाका. आर्णीत माझं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान. काका सकाळी यायचे, "जयभीम" म्हणून बाकावर बसायचे आणि माझाच चहा पिऊन माझा धंदा बुडवायचे. पंखा, बल्ब मागणाऱ्याला त्यांचा त्रास नव्हता. लोखंडी तार मागितली की मात्र चौकशी सुरू. रानडुकरं कपाशीत शिरू नयेत म्हणून लोक शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तार ओढून तिच्यात करंट सोडत, हे त्यांना ठाऊक होतं.

"डुकराले मारायचं हाय ना? मार. पन जागा राहून मार," ते म्हणत. "तू घरी घोरून राह्यला अन् तार मारून राह्यली, हे मले पटत नाही."

एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी सीमेवर सुरुंग पेरले होते. लढाई संपल्यावर काढलेही. एक सापडला नाही. पराक्रम ऐकायला बसलेल्यांना ते एवढंच सांगत. "मी पेन्शनीत आलो, तो अजून ड्युटीवर हाय. लढाई सरली हे त्याले कोनी सांगतलंच नाही."

मी एकदा म्हटलं, "काका, यंत्राचा काय दोष?"

"यंत्राचा नाही, अन् डुकराचाबी नाही. त्याले भूक लागते. वाईटपना मानसाचाच. पन पयले मारताना हात तरी कापे. आता हातच लागत नाही." मी चहा मागवला.

तत्त्वज्ञान ठीक, पण कापसाला भाव नव्हता, अर्धं पीक बोंडअळीनं खाल्लं होतं आणि उरलेलं डुकरं लोळवत होती. काकांच्या धाकट्या भावाची, अशोकची, लेकरं त्याच सामाईक शेतावर जगत. त्यानं तार लावायचं ठरवलं, तेव्हा काका डुकरं हाकायला टिनाचा डबा घेऊन शेतातल्या मचाणावर जाऊन बसले. "मी जित्ता असतानी तार नाही लागनार." भावांचं बोलणं तुटलं. साठी ओलांडलेला माणूस ऐन थंडीत जागल करत राहिला. मला ते हट्टी वाटले, अजूनही वाटतात. पौषात छाती भरली, यवतमाळला दवाखान्यात नेलं आणि तिथेच गेले.

काकांच्या श्रद्धांजलीचा पुण्यानुमोदन विधी आटोपल्यावर अशोक दुकानात आला आणि त्यानं तार मागितली. त्याचं तरी काय चुकलं? कापूस शेतात उभा होता आणि मचाण रिकामं. मी म्हणालो, "तार नाही." भेंडोळी माझ्या मागेच टांगलेली होती. त्याला ती दिसत होती.

"काय बे, दादा गेला तं आता तू सुरू झाला काय?" तो ओरडला, आणि काउंटरवर डोकं टेकून रडायला लागला.