पहिला घोट

बंद गिरणीमागच्या आमच्या वस्तीत बोअरचं पाणी तपासायला एक माणूस येतो. पिशवीत औषधं, बाटल्या सगळं असतं, पण त्याचा विश्वास जिभेवर. पहिला घोट तोंडात धरून तो डोळे मिटतो आणि आपल्या अहिराणीत म्हणतो, "खारं शे."

यंदा गरजू घरांना फुकट फिल्टर मिळणार होते. घरात पाणी शुद्ध करायचं मशीन असूनही मी अर्ज ठोकला. तोच घरांच्या पाहणीला येणार म्हणून मशीनवर चादर टाकली. आला, तेव्हा पाहुणचार म्हणून त्याच मशीनचं पाणी प्यायला दिलं.

त्याने डोळे मिटले.

"सर, हाई ते गोड शे. तुमना फिल्टर शेजारनी मायले दी टाकू का?"

"द्या ना," मी म्हणालो, जणू दानशूर मीच.