दुधाळ लिहिल्याबद्दल

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते जीवशास्त्राच्या दातार बाईंचं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. त्याचं श्रेय लोक माझ्या चिकाटीला देतात, तेव्हा मला राग येतो. चिकाटी गावाकडच्या कितीतरी पोरांत होती, त्यांना दातार बाई मिळाल्या नाहीत एवढंच.

बाई सदा चिडलेल्या असत. जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या हिंदी शाळेत पोरं त्यांना 'मिर्ची मैडम' म्हणत. यजमान विमा कंपनीत, बदलीवर आलेले. बाई शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मानसरोवर वस्तीतून स्कूटीवर येत आणि हेल्मेट काढायच्या आतच कुणावर तरी ओरडत. माझे वडील रेल्वेत फिटर, तेही बदलीवरच जयपूरला आलेले. मी दहावीपर्यंत भुसावळकडे मराठीत शिकलेलो, त्यामुळे अकरावीत हिंदी जीवशास्त्र डोक्यावरून जायचं. बाई मला मधल्या सुट्टीत थांबवून मराठीत शिकवत. तेही चिडूनच.

श्वसन म्हणजे श्वास घेणं, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो. "अरे सोनवणे, नाकाचं काम वेगळं. श्वसन पेशीत चालतं. तू झोपलास तरी चालतं, तुला चुकीचं शिकवलं तरी चालतं." मग त्यांनी मला मैदानाला पळत दोन फेऱ्या मारायला लावल्या. पोटऱ्या जळायला लागल्या तशी हाक आली, "आता रक्तातून ऑक्सिजन पुरेसा येत नाहीये. पेशी काय संपावर गेली? ती ग्लुकोज अर्धवट मोडून भागवते आहे. ऊर्जा अगदी थोडी मिळते, पण पाय चालतात ना?" भिंतीवर बसलेली पोरं हसत होती. "तुम लोग भी उतरो, सबकी कोशिका देखनी है मुझे," म्हणून बाईंनी त्यांनाही पळवलं.

शाळेत प्रयोगशाळा होती, पण तिला कुलूप होतं. प्रयोग करायचे नसत. शाळेतून तयार फाइल विकत घ्यायची आणि तिच्यातली निरीक्षणं उतरवायची. त्या फाइलीत लिहिलं होतं, यीस्टच्या साखरपाण्यावर तेलाचा थर दिला की हवा मिळत नाही, श्वसन थांबतं, आणि नळीच्या टोकाचं चुन्याचं पाणी स्वच्छ राहतं. चूक होतं ते. पण वर्षानुवर्षं पोरं तेच लिहून पूर्ण गुण घेत होती.

बाईंनी बेकरीतून यीस्ट आणलं, पानवाल्याकडून चुना, औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी. साखरेचं पाणी उकळून, त्यातली हवा घालवून गार केलं, यीस्ट घातलं, वर तेल ओतलं. सुट्टीनंतर आम्ही परत आलो तर चुन्याचं पाणी दुधाळ झालं होतं. ऑक्सिजन नसतानाही यीस्ट साखर मोडत होतं; अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होत होता, आणि त्याच वायूनं चुन्याचं पाणी दुधाळ केलं होतं. आम्ही झाकण काढून वासही घेतला. "जे दिसलं ते लिहायचं," बाई म्हणाल्या. त्या प्रिन्सिपलकडे फाइल बदलायला सांगायला गेल्या. "मैडमजी, परीक्षक को यही चाहिए," असं उत्तर मिळालं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला नेमका तोच प्रयोग लिहायला आला. मी 'दुधाळ' लिहिलं. बाकी सगळ्यांनी 'स्वच्छ'. बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात कचोरी होती.

"ये कहाँ से लिखा?"

"सर, देखा था."

"देखने को किसने कहा था?"

"मैंने कहा था," बाई दारातून म्हणाल्या, आणि वरांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात भांडल्या. परीक्षकांनी कचोरी संपवली, हात पुसले आणि मला नापास केलं. प्रॅक्टिकलला नापास म्हणजे बारावीलाच नापास; माझं वर्ष गेलं, बाईंची नोकरी गेली. शाळेनं फाइल तशीच ठेवली.

त्यानंतर बाई आमच्या क्वार्टरवर आल्या. वडील म्हणाले, "तुमचा प्रयोग खरा असंल बाई, पण वर्ष आमच्या पोराचं गेलं." मला वाटलं, आता बाई कडाडतील. त्यांनी हात जोडले. "भाऊ, चूक माझी. मला माफ करा."

ते वर्षभर मी दर रविवारी सायकलनं मानसरोवरला त्यांच्याकडे शिकायला गेलो. बाईंनी सगळं जीवशास्त्र पुन्हा शिकवलं, पोहे खाऊ घातले, आणि एकदाही ओरडल्या नाहीत. मी मुद्दाम चुका करून पाहिल्या. "असू दे, पुन्हा लिही," एवढंच म्हणायच्या. मी पास झालो, आणि त्यांच्या यजमानांची नागपूरला बदली झाली.

बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना लिहिलं:

"ती. बाईंना सा. न. वि. वि.
मी पहिल्या वर्गात पास झालो. वडिलांनी पेढे वाटले आणि तुम्हाला कळवायला सांगितलं. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. मी मात्र आहे. तुम्ही आमच्या दारात हात जोडलेत, ते मला अजून सहन होत नाही. चुन्याचं पाणी दुधाळच झालं होतं, बाई. मी पाहिलं होतं. तुमची ती माफी मी घेतलेली नाही, या पत्रानं परत करतो आहे. माफी मागायला ज्यांनी यायला हवं होतं, ते अजून कुणाच्याच दारात गेलेले नाहीत.
आपला,
सोनवणे"