देवाला मेहुण्याचं तोंड

चित्रकाराने उभा जन्म मुलांच्या पुस्तकांत ससे आणि राजपुत्र काढण्यात घालवला होता. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ ‘चार दिवसांसाठी’ राहायला आला होता, त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. मेहुणा कलावंत होता, म्हणजे कामधंदा करत नव्हता. उठल्यापासून तो बासरी फुंकायचा आणि शेजारी धडाधड खिडक्या लावून त्याला दाद द्यायचे.

अशात प्रकाशकाने ग्रीक पुराणकथांच्या पुस्तकाचं काम दिलं. अर्धा माणूस, अर्धा बकरा असलेला देव रानात पावा वाजवतोय आणि पशुपक्षी तल्लीन झालेत, असं चित्र हवं होतं. चित्रकाराने सगळा राग ब्रशात भरला. देवाला मेहुण्याचं तोंड दिलं, खाली केसाळ पाय आणि खूर. हरीण जीव घेऊन पळत होतं, कासव कवचात शिरलं होतं, घुबडाने पंखांनी कान झाकले होते.

प्रकाशक पोट धरून हसला आणि ते चित्र थेट मुखपृष्ठावर गेलं.

पुस्तक घरी आलं. आता स्वारी बॅग भरणार, या आशेवर चित्रकार बसून राहिला. मेहुण्याने चित्र बराच वेळ न्याहाळलं. त्याचे डोळे भरून आले.

“दाजी, तुम्ही मला देव केलंत.”

“आणि ती जनावरं?” चित्रकाराला राहवलं नाही.

“जनावरांना संगीतातलं काय कळतंय?”

बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. दुसऱ्या दिवसापासून रियाझ पहाटे सुरू झाला.