तांबड्या दोऱ्यातलं एक कार्ड

आजही कुणी जुनं सरकारी कार्ड माझ्यासमोर धरलं, की घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली ती लोखंडी पेटी डोळ्यांपुढे येते. गुन्हा म्हणाल तर तो घडलाच नव्हता. तरी इतक्या वर्षांच्या नोकरीत जी प्रकरणं मनातून जात नाहीत, त्यांत हे पहिलं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मी सब-इन्स्पेक्टर होतो. गिरण्या थंडावल्या होत्या आणि आग्रा रोडवरचे छोटे कारखानेही एकामागून एक कुलपं लावत होते. ठाण्यासमोरच्या नाक्यावर सकाळी कामाच्या आशेने उभी राहिलेली माणसं दुपारीही तिथेच दिसायची. अशात एक गृहस्थ खबर घेऊन आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. डोंगरावरची एक बाई ‘बेकार समिती’ चालवते, तिच्या घरी रोजगार कार्यालयाची ढीगभर कार्डं आहेत, चोरलेली नाहीतर बनावट, नोकरीचं आमिष दाखवून ती लोकांना गंडवते, असं त्यांचं म्हणणं. बोलणं अगदी नीटनेटकं. मी त्यांना चहा पाजला. पाजायला नको होता.

ही कार्डं म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. बेकार माणसाने रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं की कार्ड मिळायचं. जागा निघाली की नोंदणीच्या तारखेच्या क्रमाने मुलाखतीचा कॉल यायचा. बेकारभत्ता मागायचा तरी आधी कार्ड दाखवा. मात्र ठरावीक मुदतीत त्यावर नूतनीकरणाचा शिक्का मारून घ्यावा लागे. तारीख चुकली की नाव कटलं, पुन्हा रांगेच्या शेपटाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी डोंगर चढलो. बाईंनी स्वतःच पेटी उघडून दिली. आत कार्डांचे गठ्ठे, प्रत्येक वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेला. तांबडा, हिरवा, पिवळा, निळा. झालं! माझ्या डोक्यात लगेच टोळी, खुणा, गिऱ्हाइकांचे प्रकार. पंचनामा केला. तांबड्या दोऱ्यातलं सर्वांत जुनं, नऊ वर्षांपूर्वीचं एक कार्ड नमुना म्हणून काढलं आणि पडताळणीसाठी त्याच दुपारी रोजगार खात्याच्या मुख्य कार्यालयाकडे शिपायाबरोबर पाठवलं. नऊ वर्षं कोण कार्ड जपतं, ते बनावटच असणार, असा माझा हुशार तर्क. बाकी पेटीला लाखेचं सील ठोकून ती मुद्देमाल खोलीत.

बाई पन्नाशीच्या, मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद. सगळी वस्ती त्यांना काकी म्हणायची. ठाण्यातल्या बाकावर त्या अशा बसल्या, जणू मीच त्यांच्याकडे अर्ज घेऊन आलोय.

“एवढी कार्डं तुमच्याकडे कशी?” मी विचारलं.

“लोकांनी दिली. रोजंदारीचा माणूस शिक्क्याच्या रांगेत उभा राहिला तर त्या दिवसाची चूल कशी पेटायची? आम्हा बायकांची समिती आहे. कार्डं आम्ही सांभाळतो, रांगेत आम्ही उभ्या राहतो. भत्त्याचे अर्जसुद्धा आम्हीच भरतो.”

“आणि त्याबद्दल काय घेता?”

“शिव्या,” काकी म्हणाल्या. “कार्यालयातल्या साहेबांच्या.”

मी हवालदाराला तीन कार्डांच्या पत्त्यांवर पाठवलं. नमुन्याच्या कार्डाचा मालक आयटीआय केलेला टर्नर होता, कारखाना बंद पडल्यापासून मिळेल ते ओझं उचलणारा. “माझं कार्ड? मला काय ठाऊक नाय,” एवढं बोलून त्याने दार लावलं. उरलेल्या दोघांचंही तेच उत्तर. माझी खात्रीच पटली.

“बाई, तुमचीच माणसं नाही म्हणताहेत.”

काकी आता त्यांच्या बोलीवर आल्या. “खाकी बघून नायच म्हणतले. सदरो घालून जावन बघा!” मग आवाज खाली आला. “साहेबानू, माका ठेवा आत. पण ती तांबड्या दोऱ्याची कार्डां सोडा. उद्या दुपारी दोनला त्यांची मुदत संपता.”

चौकशीत माणूस काहीही सांगतो, असं म्हणून मी ते कानाआड केलं. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं आणि सकाळी पुन्हा हजर राहायला सांगितलं.

सकाळी आठला ठाण्यात पाऊल टाकलं तर टर्नर व्हरांड्यात उभा. मागे पंचवीस-तीस माणसं, कुणी हमाल, कुणी गवंड्याच्या हाताखालचा. सगळ्यांनी त्या दिवसाचं काम सोडलं होतं.

“साहेब, काल खोटं बोललो,” टर्नर म्हणाला. “कार्ड माझंच. मीच काकींकडे ठेवलं. घाबरलो होतो यार, काय करणार?” साहेबाला आपण यार म्हणालो हे कळल्यावर तो आणखी घाबरला.

पंचांना बोलावून मी सील तोडलं. तांबड्या गठ्ठ्यातली कार्डं उलटून मागचे शिक्के पाहिले. एकूणएक कार्डाची मुदत त्याच दिवशी संपत होती. हिरव्यातल्यांची पुढच्या महिन्यात, पिवळ्यातल्यांची त्यानंतर. काकींना अक्षरओळख बेताची, म्हणून महिन्याला एक रंग. माझ्या टोळीच्या खुणा त्या एवढ्याच!

हवालदार कानाशी लागला. “साहेब, तो पांढऱ्या सदऱ्यावाला कार्यालयाच्या फाटकाशी बसतो. पैसे घेऊन शिक्के आणून देतो. या बायांनी त्याचा धंदा बसवला.” खबर देणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे आधी विचारायचं, ही पोलिसातली बाराखडी. मी तीच विसरलो होतो.

कोर्ट उघडताच अर्ज केला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पेटी परत देण्याचा हुकूम दिला. काकींना जीपमध्ये घालून आम्ही कार्यालय गाठलं तेव्हा खिडकी बंद व्हायला जेमतेम अर्धा तास होता. शिक्के पडू लागले. टर्नर खिडकीशी उभा राहून प्रत्येक कार्ड पाहत होता. शेवटचं संपलं.

“साहेब, माझं?”

मी मुख्य कार्यालयाला फोन लावला. कार्ड पडताळणी विभागात होतं, तिथले अधिकारी दौऱ्यावर, त्यांच्या सहीशिवाय हलणार नाही. दोन वाजले. खिडकी बंद झाली. मला तिथे उभं राहवेना.

चार दिवसांनी कार्ड परत आलं. सोबत शेरा होता, ‘नोंद खरी आहे.’ पण तोवर नाव कटलं होतं.

काकी टर्नरला घेऊन ठाण्यात आल्या. मी दिलगिरीचं काहीतरी पुटपुटलो, त्याला कुठेतरी चिकटवून देतो असंही म्हणालो. काकींनी मला मध्येच थांबवलं. “उपकार नकोत, साहेब. कागद द्या. त्या दिवशी कार्ड पोलिसांच्या ताब्यात होतं, एवढं लिहून द्या. पुढचं समिती बघेल.”

वरिष्ठ म्हणाले, “लेखी देऊ नकोस. कागदावर आली की चूक तुझी झाली.” दोन दिवस मी टाळलं, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी पत्र लिहून सहीशिक्क्यानिशी दिलं. माझ्या सेवापुस्तकात ठपका बसला, तो आजही तिथे आहे.

ते पत्र घेऊन समितीच्या बायका दर सोमवारी कार्यालयात जाऊन बसू लागल्या. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. साहेब भेटल्याशिवाय उठायचं नाही, बस्स. पाच महिन्यांनी टर्नरची जुनी तारीख त्याला परत मिळाली. ते सांगायला तो ठाण्यात आला, या वेळी एकटा.

“मधल्या काळात कॉल निघाला का रे?” मी विचारलं.

“एक निघाला. माझ्या मागच्या नंबरला गेला. आमच्याच गल्लीतला आहे, तांबड्यातलाच.” तो हसला. “नोकरीच्या वयोमर्यादेत मी अजून सात महिने बसतोय, साहेब. तोवर दुसरा येईल.”

त्यानंतर कसलीही वस्तू जप्त करताना मी एक प्रश्न विचारायला शिकलो: ही कुणाला लागणार आहे, आणि कधीपर्यंत? पंचनाम्याच्या नमुन्यात त्याला रकाना नाही, म्हणून मी तो समासात लिहायचो. हाताखालच्या पोरांनाही लिहायला लावायचो, ती वैतागायची.

टर्नर भेटून गेला त्यानंतर तीन महिन्यांत माझी बदली झाली. उरलेल्या चार महिन्यांत टर्नरला कॉल आला का, मला माहीत नाही. डोंगर काही लांब नव्हता. विचारायला जायची माझी छाती झाली नाही.