बोलणारी केळशी

परवा दापोलीहून जाताना मोबाईल बोलला, "केळशीसाठी उजवीकडे वळा," आणि मला रेहाना आठवली.

रत्नागिरीच्या कॉम्प्युटर क्लासात आम्ही दोघींनी किनाऱ्याचा एकेक नकाशा केला होता. चित्रातल्या गावावर क्लिक केलं की त्या गावाचं पान उघडायचं. सरांनी ते नकाशे दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडल्यावर माझ्या क्लिक करायच्या सगळ्या जागा सरकल्या. "तुझी केळशी बुडाली गो समुद्रात!" सर म्हणाले. रेहानाची मात्र जागच्या जागी. तिने गावांच्या नावांची साधी यादी लिहून सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने, चित्रावर बसवली होती.

त्या दिवशी तिचे चाचा आले होते. जन्मभर बोटीवर काढलेले, आता दृष्टी गेलेली. पान वाचून दाखवणारा प्रोग्राम लावला आणि ते एका लिंकवरून पुढच्या लिंकवर नेणारं टॅबचं बटण दाबत गेले. माझी नावं नुसती चित्रात रंगवलेली, म्हणून माझा नकाशा नुसता "लिंक, लिंक" म्हणाला. तिचा म्हणाला, "आंजर्ले... केळशी..."

"आलं आमचं गाव!" चाचा हसले. सर तिच्याकडे कौतुकाने बघत होते. माझा नुसता जळफळाट. स्पीकर माझ्या हाताशी होता. मी हळूच आवाज बंद केला.

चाचा कान पुढे करून बटण दाबत राहिले. "गेलं कुठे गो?"

परवा मोबाईल "केळशी" म्हणाला, तेव्हाही माझा हात आधी आवाजाच्या बटणाकडेच गेला.