आतली कपार

बेटावरचं एकुलतं गाव हांगा रोआ, त्याच्याभोवतीची दगडी भिंत कुठं ढासळली की बोलावणं यायचं ते केरेकोरिओ नाहोएलाच. हातातलं कसब बापाकडून आलेलं. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड असा बसवायचा की मेंढी धडकली तरी हलू नये. मेंढ्या भिंतीबाहेर सगळ्या बेटावर चरायच्या आणि माणसं भिंतीच्या आत राहायची. बाहेर पाऊल टाकायचं तर गव्हर्नरच्या कचेरीतून चिठ्ठी आणायची, आणि दिवस मावळायच्या आत फाटकावर हजर व्हायचं.

"आपल्याच कोंडवाड्याचं कुंपण सांधणारा मेंढा मी हा एकच पाहिला," असं त्याचा चुलतभाऊ उरुपानो चारचौघांत म्हणायचा. केरेकोरिओ हसून सोडून द्यायचा. कामाच्या बदल्यात पीठ-साखर मिळत होती आणि घरात दोन मुली होत्या. पण घरी आल्यावर तो जेवताना गप्प असे, आणि त्याची बायको एव्हारिस्ता ओळखायची की आज उरुपानो भेटला होता.

एकोणीसशे एकसष्ट साली बेटावर दोन विद्वान आले. प्रोफेसर होल्म म्हातारा, उंच, वाकून चालणारा. डॉक्टर व्हिटेकर तरुण आणि बडबड्या. बेटावरच्या लोकांचे पूर्वज एवढे मोठे दगडी पुतळे उभे करणारे, मग त्यांची अशी दैना का झाली, हे त्यांना शोधायचं होतं. दगड न पाडता उकलणारा माणूस हवा म्हणून केरेकोरिओला त्यांनी मागून घेतलं. तीन महिन्यांची चिठ्ठी मिळाली. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर पडल्यावर तो इतक्या झपाझप चालला की व्हिटेकरला मागून हाका माराव्या लागल्या.

उत्तरेच्या किनाऱ्यावरची एक गुहा खणायची होती. तोंड इतकं अरुंद, की पोटावर सरपटतच आत जावं लागे. आत मात्र उभं राहता येई. केरेकोरिओनं ती याआधी कधी पाहिली नव्हती, पण आजीच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. ही आजी, नुआ हेरेमेता, चार वर्षांची असताना परकी जहाजं आली आणि माणसं गुलामीसाठी बांधून नेऊ लागली. तिची आई दोन लेकरं घेऊन या गुहेत शिरली. बाहेर बुटांचे आवाज आले तेव्हा तान्हं रडायला लागलं. आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. आवाज दूर गेले, हात काढला, तर लेकरू गेलेलं. त्याला तिनं आतल्या कपारीत ठेवलं. पकडून नेलेल्यांतले थोडे परत आले ते देवीचा रोग घेऊन, आणि उरलेलं बेट त्या साथीत संपलं. नुआ हे सांगायची तेव्हा स्वतःच्या तळहाताकडे पाहत बसायची.

केरेकोरिओनं कपार ओळखली, पण आत हात घातला नाही. त्याच आठवड्यात उरुपानोनं त्याला मासळीच्या धक्क्यावर गाठलं.

"ताहिती बेटाला निघायचं ठरलंय. चौघं आहोत, पाचवा तू. कोळी म्हणून होडी काढायची परवानगी आहे. पाणी आणि शिधा मात्र उघड नेता येत नाही. तुला चिठ्ठी आहे. रोज थोडं थोडं नेऊन गुहेत ठेव. आम्ही निघताना खालच्या खाडीत होडी लावून उचलतो."

"आधीच्या तीन होड्यांचं काय झालं ठाऊक आहे ना?"

"एक पोचली की. इथं राहून कुणी कुठं पोचलंय?"

एव्हारिस्ताला त्यानं सांगितलं. ती रताळी सोलत होती. "पोचलास तर आम्हाला बोलावशील?" एवढंच तिनं विचारलं.

मग रोज अवजारांच्या पोत्यातून पाण्याचा एक डबा किंवा वाळवलेल्या रताळ्यांची एक पुरचुंडी गुहेत जाऊ लागली. विद्वान पोचले नव्हते अशी जागा एकच होती, कपारीचं तोंड. पहिला डबा ठेवताना तो पुटपुटला, "माफ कर रे बाळा, जरा सरक."

एके दिवशी गुहेच्या मातीत, बेटावरून कधीच नाहीशा झालेल्या ताडाची वाळकी बारीक फळं सापडली, कुरतडलेली. बाहेर उन्हात बसून दोघं विद्वान त्यावर हमरीतुमरीवर आले.

"हे पाहा दात!" व्हिटेकर म्हणाला. "उंदीर. बीच राहिलं नाही तर झाड कुठून उगवणार? माणसांना कशाला दोष देता?"

"झाडं माणसांनी तोडली," होल्म म्हणाला. "पुतळे ओढायला, जाळायला. मग उपासमार, मग आपसात कापाकापी. ही गुहाच साक्ष आहे. शेजाऱ्याच्या भीतीनंच माणूस अशा बिळात शिरतो."

केरेकोरिओ चहाचं भांडं घेऊन उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेब लोकांच्या बोलण्यात तोंड घालून म्हणाला, "शेजाऱ्याच्या नाही, जहाजांच्या भीतीनं. माझी आजी होती इथं." आणि त्यानं सगळं सांगितलं. व्हिटेकरचा चहा गार झाला.

होल्म तिरसटपणे नाही, समजुतीनंच बोलला. "जहाजं आली ती फार नंतर, केरेकोरिओ. तोवर तुमचं सगळं उतरणीला लागलेलं होतं. आजीच्या गोष्टीला मी मान देतो, पण तिच्यावर लिहिता येत नाही. पुरावा लागतो."

"आहे की पुरावा! त्या बाळाला ठेवलं..."

"कुठं ठेवलं?" व्हिटेकर ताडकन उठला. "दाखव. आत्ताच खणू."

 कपारीच्या तोंडाशी अकरा डबे होते आणि होडी निघायला नऊ दिवस. एका बाजूला नुआ, दुसऱ्या बाजूला चार जिवंत माणसं. दोघंही विद्वान केरेकोरिओच्या तोंडाकडे पाहत होते.

"कपार म्हणतात, पण तिथं काही नाही," तो शेवटी म्हणाला. "मी पाहिलंय. छत कच्चं आहे, दगड अंगावर येईल."

होल्मनं वही उघडून काहीतरी लिहिलं. व्हिटेकर पुन्हा उंदरांकडे वळला.

सहा दिवसांनी वर्षातून एकदा येणारं मालाचं जहाज आलं. त्याच्याबरोबर दरवर्षीसारखा खोकला आणि ताप आला, आणि गव्हर्नरनं फाटकं बंद करून सगळ्या चिठ्ठ्या रद्द केल्या; कोळ्यांच्या होड्या तेवढ्या चालू राहिल्या. केरेकोरिओ दुसऱ्याच दिवशी आडवा झाला. निघायच्या सकाळी उरुपानो घरात आला, जाळं खांद्यावर टाकून.

"ऊठ. धक्क्यापर्यंत धरून नेतो."

केरेकोरिओ उठला, दोन पावलं चालला आणि दारातच कोसळला.

"नेऊ नकोस त्याला," एव्हारिस्ता म्हणाली. "वाटेत समुद्रात टाकावा लागेल."

उरुपानोनं त्याला उचलून चटईवर ठेवलं. जाळं पुन्हा खांद्यावर घेतलं. तो गेला.

होडी परतली नाही, आणि दोन दिवसांनी बोभाटा झाला. शिधा बाहेर न्यायला चिठ्ठी कुणाकडे होती हे शोधायला वेळ लागला नाही. अंगात ताप असतानाच केरेकोरिओला कचेरीसमोर उभा करून त्याचं डोकं भादरलं. व्हिटेकरनं मध्ये पडून "तो आमचा चांगला माणूस आहे" असं म्हणून पाहिलं. होल्म पेट्या जहाजावर चढवण्यात गुंतला होता. शिक्षा ठरली: सहा महिने बिनमोबदला काम, भिंत हातभर उंच करायची.

ती त्यानं केली. होडीचं काय झालं ते कधीच कळलं नाही. उरुपानोची बायको चर्चमध्ये केरेकोरिओच्या शेजारची जागा सोडून लांब बसू लागली, आणि त्यानं तिला कधी काही विचारलं नाही.

सहासष्ट साली चिठ्ठ्यांची पद्धत गेली, फाटकं उघडी राहू लागली. त्याच वर्षी होल्मचं पुस्तक शाळेत आलं. मास्तरणीनं केरेकोरिओला गुहेचा फोटो दाखवला आणि खालच्या ओळी वाचल्या: रहिवासी आपल्याच लोकांच्या भीतीनं इथं लपत, याहून निराळं दाखवणारं काही आढळलं नाही.

"आणखी एकदा वाच, पोरी," तो म्हणाला. तिनं वाचलं.

दुसऱ्या दिवशी तो आणि एव्हारिस्ता चालत गुहेवर गेले. डबे उरुपानोनं सगळे नेले होते. केरेकोरिओ कपारीत शिरला आणि बोटांनी माती बाजूला करत राहिला. दुपारी त्यानं हाक मारली तेव्हा एव्हारिस्ताही सरपटत आत आली. झाडाच्या सालीपासून केलेल्या कुजक्या कापडाचे धागे होते आणि त्यात हाडं, इतकी बारीक की आधी पक्ष्याची वाटावीत.

"मास्तरणीला सांग," ती म्हणाली. "ती कागद लिहील."

"लिहील. मग बोट येईल, पेटी येईल आणि याला उचलून नेतील."

"आणि नाही सांगितलं तर पुस्तकात तेच राहील."

"हो," केरेकोरिओ म्हणाला. "राहीलच."

त्यानं माती पुन्हा हाडांवर ओढली. मग तो बाहेरून दगड आणायला लागला. कपार बुजवायला त्याला तीन दिवस लागले. प्रत्येक दगड तो हातात फिरवून, अंगठ्यानं चाचपून बसवत होता. शेवटचा दगड बसवायच्या आधी एव्हारिस्तानं विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

केरेकोरिओ थांबला. नुआनं ते कधी सांगितलंच नव्हतं, आणि त्यालाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. "ठाऊक नाही गं," तो म्हणाला, आणि दगड हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग एव्हारिस्तानंच त्याच्या कोपराला हात लावला आणि त्यानं तो फटीत बसवला.