बोर्दोची बाटली

नेहा, निखिल, तुम्ही फ्रान्समधून पाठवलेल्या फोटोतलं फाटक मी लगेच ओळखलं. बोर्दोजवळच्या त्या नामांकित मळ्याच्या वाइनच्या बाटलीवर हेच फाटक छापलेलं होतं. ते पाहून माझा पन्नास वर्षांपूर्वीचा राग जागा झाला.

तेव्हा आम्ही दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहत होतो. तिथल्या फ्रेंच इंजिनिअरच्या बायकोला मी वर्षभर इंग्रजी शिकवलं. मायदेशी परतण्याच्या आदल्या दिवशी त्याने ती बाटली माझ्या हातात दिली. "मॅडम, ही तुमची. माझे वडील याच मळ्यात द्राक्षं खुडायचे."

संध्याकाळी तुमच्या आजोबांनी मित्र बोलावले आणि त्या वाइनमध्ये चक्क सोडा अन् बर्फ घातला. मी म्हटलं, "माझ्यासाठी घोटभर ठेवा."

"वहिनी, तुम्ही भरताचं बघा," पाटीलभाऊ म्हणाले. "ही चढली तर मीठ दोनदा पडेल."

आजोबाही हसले. मी भाजलेली वांगी ठेचत राहिले. त्या धुरकट वासातही बैठकीतून ओल्या लाकडासारखा, पिकल्या जांभळासारखा वास येत होता. माझ्या वाट्याला तेवढाच आला.

सकाळी निरोप घेताना इंजिनिअरने मला विचारलं, "कशी वाटली?"

"तिला फार आवडली," आजोबांनीच उत्तर दिलं.

एरवी त्यांचं इंग्रजी मी चारचौघांतही सुधारायचे. त्या सकाळी मी नुसती मान डोलावली.